दगड झालेले पक्षी आणि हरवलेले कॅल्शिअम

शिक्षकांच्या एका शिबिरात विज्ञान शिकवणाऱ्या एका बाईंनी आम्हांला एक कागद दाखवला. त्यांच्या वर्गातील एका मुलाने शाळेच्या भित्तिपत्रिकेसाठी तो आणला होता. कागदावर एका पक्ष्याचे छायाचित्र होते. पक्षी वाळक्या फांदीवर बसलेला, मान वळवलेली, आणि पिसांपासून नखांपर्यंत सारे अंग एखाद्या मूर्तीसारखे पांढरट, खडबडीत. खाली मुलाने सुवाच्य अक्षरांत लिहिले होते : ‘आफ्रिकेतील या तळ्याच्या पाण्याला स्पर्श होताच प्राण्यांचा दगड होतो.’ बाईंचा प्रश्न सरळ होता. “सर, हे भिंतीवर ठेवू की काढून टाकू?”

त्या वेळी आम्हांला चटकन उत्तर देता आले नाही. छायाचित्र खरे होते, खालची ओळ खोटी होती, आणि त्या दोहोंच्या मधल्या जागेत शाळेत शिकवण्याजोगे बरेच रसायनशास्त्र दडलेले होते. नुसते ‘काढून टाका’ म्हटले असते तर तेही त्या खोट्या ओळीबरोबर केराच्या टोपलीत गेले असते. त्या दिवशी राहून गेलेले उत्तर आम्ही येथे देत आहोत.

छायाचित्र कोणाचे, दावा कोणाचा?

हे छायाचित्र निक ब्रँट या ब्रिटिश छायाचित्रकाराचे आहे. पूर्व आफ्रिकेतील वन्य प्राण्यांची कृष्णधवल छायाचित्रे ही त्यांची ओळख. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथात टांझानियातील नेट्रॉन तळ्याच्या काठी सापडलेल्या मृत पक्ष्यांची ही छायाचित्रे आहेत. मत्स्यगरुड आहे, फ्लेमिंगो आहे, वटवाघूळही आहे. पुस्तक बाजारात येताच जगभरच्या वृत्तपत्रांनी आणि नियतकालिकांनी ती छापली. प्राण्यांचे पुतळे करणारे तळे, मृत्यूचे तळे, अशा धर्तीचे मथळे झळकले. तेव्हापासून ही गोष्ट फिरतेच आहे. आपल्या भाषेतही ती अनेकदा येऊन गेली आहे.

टीका करताना प्रथम न्याय करावा. ब्रँट यांनी कोणाला फसवलेले नाही. हे पक्षी आपल्याला काठावर मेलेले सापडले आणि आपण ते उचलून जिवंत असल्यासारखे फांदीवर, पाण्यावर मांडले, हे त्यांनी स्वतःच सांगितले आहे. पक्षी कसे मरतात हे नक्की कोणालाच ठाऊक नाही, कदाचित आरशासारख्या पाण्याने त्यांची फसगत होत असावी, असेही त्यांनी लिहिले होते. वृत्तपत्रांपर्यंत येताना त्यातला ‘कदाचित’ गळून पडला आणि ‘मांडले’ हे क्रियापदही गळाले. उरला तो उडता उडता दगड झालेला पक्षी.

छायाचित्रे म्हणून ती उत्तम आहेत. आमचा आक्षेप तीन गोष्टींना आहे : चित्रांच्या नावांतील एका शब्दाला, काठावर मृतदेह खूप दिसले यावरून काढलेल्या निष्कर्षाला आणि बातम्यांतून फिरणाऱ्या आकड्यांना. हे आक्षेप तपासण्यापूर्वी तळ्याची ओळख करून घेऊ.

तळे कसे आहे?

नेट्रॉन तळे टांझानियाच्या उत्तर टोकाला, केनियाच्या सीमेलगत, पूर्व आफ्रिकेच्या महाखचदरीच्या तळाशी आहे. भोवती ओसाड, उष्ण, विरळ वस्तीचा मुलूख. गुरे राखणारे मसाई लोक येथे राहतात. तळ्याची लांबी सुमारे ५७ किलोमीटर आणि रुंदी सुमारे २२ किलोमीटर असली तरी खोली तीन मीटरही नाही. केनियातून येणारी दक्षिण एवासो न्गिरो ही नदी आणि काठावरचे उष्ण झरे त्याला पाणी देतात. बाहेर जायला मात्र पाण्याला वाट नाही. वाट एकच, वर आकाशाकडे. पडणाऱ्या पावसाच्या कितीतरी पट पाणी येथे उन्हाने उडून जाऊ शकते.

म्हणून हे तळे ऋतूंबरोबर बदलते. पावसाळ्यात उथळ पाण्याचा विस्तीर्ण पत्रा पसरतो. कोरड्या महिन्यांत पाणी आकसते, आणि उघड्या पडलेल्या भागावर भेगाळलेल्या पापुद्र्यासारखा पांढरा थर चढतो. खारात जगणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे तो कित्येकदा गुलाबी किंवा लाल दिसतो. या थरातील मुख्य खनिजाचे नाव ट्रोना. ट्रोना म्हणजे आपल्या ओळखीच्या दोन वस्तूंचा एकच स्फटिक : एक भाग धुण्याचा सोडा, एक भाग खाण्याचा सोडा आणि त्यांना धरून ठेवणारे दोन भाग पाणी. आपल्याकडे पापडाच्या पिठात जो पापडखार घालतात, त्याच्याच नात्यातला हा पदार्थ. तळ्याचे ‘नेट्रॉन’ हे नावही सोड्याच्याच एका खनिजाचे आहे. सोडिअमसाठी आपण ‘एनए’ ही संज्ञा लिहितो, ती ‘नेट्रिअम’ या लॅटिन नावावरून आली आणि ते नाव याच शब्दकुळातले. ‘सोडिअमला एसओ का नाही?’ असे विचारणाऱ्या विद्यार्थ्याला हे तळे दाखवावे.

पहिला आक्षेप : ‘कॅल्सिफाइड’ हा शब्द

ब्रँट यांनी चित्रांना नावे देताना ‘कॅल्सिफाइड’ हे विशेषण वापरले आहे : कॅल्सिफाइड मत्स्यगरुड, कॅल्सिफाइड फ्लेमिंगो. म्हणजे कॅल्शिअमच्या क्षाराने भरून कठीण झालेला, सोप्या भाषेत चुनखडीचा झालेला. बातम्यांनी हा शब्द जसाच्या तसा उचलला. ऐकायला तो शास्त्रीय वाटतो, म्हणून त्याबद्दल फारशी शंकाही कोणी घेतली नाही.

पण नेट्रॉनच्या खाऱ्या पाण्यात एखादे मूलद्रव्य जवळजवळ नाहीच असे म्हणायचे झाले, तर ते कॅल्शिअमच आहे. इतकेच नव्हे, तर कॅल्शिअम संपले म्हणूनच हे तळे सोड्याचे तळे झाले. चित्रांच्या नावात नेमका तोच पदार्थ आला आहे, ज्याच्या अभावातून तळ्याचा जन्म झाला!

हे कसे घडते, ते समजून घेऊ. डोंगरावर पडलेले पावसाचे पाणी खडकांवरून आणि मातीतून झिरपताना हवेतील व मातीतील कार्बन डायऑक्साइड घेऊन येते. त्यामुळे ते किंचित आम्लधर्मी होते आणि खडकांची झीज करते. झिजेतून सोडिअम, कॅल्शिअम, मॅग्नेशिअम ही धातुद्रव्ये पाण्यात येतात, त्यांच्या जोडीला बायकार्बोनेट येते. हे पाणी खोलगट भागात साचून आटू लागले की विरघळलेले पदार्थ दाट होत जातात. सर्वांत आधी साका होऊन तळाशी बसते ते कॅल्शिअम कार्बोनेट, कारण ते पाण्यात फारच कमी विरघळते. आपल्या पाण्याच्या बंबात किंवा किटलीत जो पांढरा कठीण थर चढतो, तो हाच.

आता खरी मेख येथे आहे. साका बसताना कॅल्शिअम आणि कार्बोनेट जोडीजोडीने पाण्यातून उठतात. पंगतीत जोडीने बसलेली माणसे जोडीनेच उठावीत, तसे. समजा, मुळात पाण्यात कॅल्शिअमचे तीन वाटे आहेत आणि कार्बोनेटचे पाच. (हे आकडे केवळ हिशेबाच्या सोयीसाठी घेतले आहेत.) तीन जोड्या उठून गेल्या की कॅल्शिअम संपते आणि कार्बोनेटचे दोन वाटे एकटे मागे राहतात. यापुढे पाणी कितीही आटले तरी हे उरलेले कार्बोनेट दाटच होत जाणार. त्याला जोडीदार आता सोडिअमच. सोडिअम आणि कार्बोनेट म्हणजेच सोडा. पाण्याचा सामू, म्हणजेच पीएच, चढत चढत दहाच्या घरात जातो.

हाच हिशेब उलटा करा. कॅल्शिअमचे वाटे पाच आणि कार्बोनेटचे तीन. तीन जोड्या उठल्या की कार्बोनेट संपले, कॅल्शिअमचे दोन वाटे उरले. आता सोडा तयार होणे शक्यच नाही. पुढे सल्फेट असेल तर जिप्समचा साका बसेल, मग मीठ. मृत समुद्र हा या दुसऱ्या वाटेने गेलेला जलाशय आहे. त्याच्या पाण्यात कॅल्शिअम भरपूर आहे, आणि ते पाणी अल्कलीधर्मी तर नाहीच, उलट किंचित आम्लधर्मी आहे. नेट्रॉन आणि मृत समुद्र दोन्ही वाळवंटी, दोन्ही खारट, दोन्हींना बाहेर वाट नाही. तरी सुरुवातीच्या पाण्यातील एका लहानशा फरकाने दोघांचे शेवट दोन टोकांना गेले. रस्त्यातल्या या दुभाज्याचे सविस्तर गणित लॉरेन्स हार्डी आणि हान्स ऑयगस्टर या भूरसायनतज्ज्ञांनी १९७० साली मांडले. ऑयगस्टर यांनी नेट्रॉनच्या उत्तरेला केनियात असलेल्या मगाडी या जुळ्या सोडातळ्याचा बारकाईने अभ्यास केला होता.

आपली पाठ्यपुस्तके बहुधा ‘पाणी आटले, तळे खारट झाले’ इतके सांगून थांबतात. ते चूक नाही, पण त्यातून खारट तळी सगळी एकसारखी असे वाटते. पाणी आटल्याने द्रव्ये दाट होतात हे खरे, पण त्याच वेळी त्यांची निवडही होते. ही निवड वर्गात शिकवायला उदाहरणासाठी आफ्रिकेपर्यंतही जायला नको. बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे सरोवर बेसॉल्टच्या कुशीत आहे आणि तेही सोड्याचेच सरोवर आहे.

तेव्हा नेट्रॉनच्या काठच्या पक्ष्यांना ‘कॅल्सिफाइड’ म्हणणे योग्य नाही. त्यांच्या हाडांत कॅल्शिअम आहे खरे, पण ते पक्ष्यांनी जिवंतपणी मिळवलेले! पिसांवर चढणारा थर सोड्याचा. पाण्याची एक मोठी सर आली तर असा थर विरघळू लागतो. दगडाचे असे होत नाही.

दुसरा आक्षेप : मृतदेह दिसले म्हणून तळे मारेकरी?

‘काठावर इतके मृतदेह सापडतात, म्हणजे तळे मारतेच,’ हा तर्क कोणालाही पटेल असा आहे. पण त्यात एक पायरी सुटली आहे. एखाद्या जागी किती मृतदेह दिसतात, हे केवळ तेथे किती प्राणी मरतात यावर ठरत नाही. ते मृतदेह किती काळ टिकतात, यावरही ठरते.

एक काल्पनिक हिशेब करू. एका जंगलात आणि एका सोड्याच्या काठावर महिन्याला सारखेच दहा पक्षी मरतात असे धरा. जंगलात मुंग्या, किडे, कोल्हे आणि जिवाणू मिळून तीन दिवसांत मृतदेहाचा निकाल लावतात. तीन दिवस म्हणजे महिन्याचा दहावा भाग. म्हणून कोणत्याही दिवशी गेलात तर सरासरी एकच मृतदेह दिसेल. सोड्याच्या काठावर तोच मृतदेह दोन वर्षे टिकतो असे मानले, तर चोवीस महिन्यांचे मिळून दोनशे चाळीस मृतदेह दिसतील. मृत्यूचे प्रमाण तेच, दृश्य मात्र एकदम भयाण! जेथे कलेवरे कुजत नाहीत, तेथे ती अधिक दिसणारच.

सोड्याच्या काठावर ती का कुजत नाहीत, याचे कारणही सरळ आहे. कोरडा सोडा शरीरातील पाणी शोषून घेतो, आणि कुजवणाऱ्या बहुतेक जिवाणूंना इतका खार व इतका चढा सामू सोसत नाही. शिवाय तो दाहक चिखल तुडवत जाणे मृतदेह खाणाऱ्या प्राण्यांना सोपे नसते. प्राचीन इजिप्तमध्ये मृत शरीरे ममी करून ठेवताना हाच पदार्थ, नेट्रॉन, शरीरात भरत आणि वरून पसरत. तो वादी नात्रून या वाळवंटी खोलगट भागातील सोडातळ्यांतून येई. त्या काळी सोड्याने ‘लोक मरतात’ असे कोणी म्हटले नाही. सोडा मेलेल्यांना टिकवत होता, एवढेच.

मग तळे निरुपद्रवी आहे का? तसे म्हणणे ही दुसऱ्या टोकाची चूक होईल. पक्षितज्ज्ञ लेस्ली ब्राउन यांनी १९५० च्या दशकात फ्लेमिंगोंच्या घरट्यांपर्यंत चिखलातून चालत जाण्याचा प्रयत्न केला. सोड्याने त्यांचे पाय इतके भाजले की त्यांना कित्येक आठवडे रुग्णालयात काढावे लागले. १९६२ साली नेट्रॉनला पूर आला आणि फ्लेमिंगोंनी मगाडी तळ्यावर घरटी केली. तेथे हजारो पिल्लांच्या पायांभोवती सोड्याची कडी घट्ट जमली. स्वयंसेवकांनी ती फोडून पिल्ले सोडवली. तेव्हा सोडा भाजतो हे खरे, आणि जिवंत पिल्लाच्या पायावर त्याचे पुट चढू शकते हेही खरे. पण त्याला तास-दिवस लागतात, कडक ऊन लागते, पाणी आटत असावे लागते. ‘स्पर्श होताच’ असे काही होत नाही.

तिसरा आक्षेप : ऋतू नसलेले आकडे

या तळ्याच्या बातम्यांत दोन आकडे हमखास असतात : तापमान ६० अंश सेल्सिअस आणि सामू १०.५. काही ठिकाणी तर तो १२ पर्यंत नेलेला दिसतो. आमचा प्रश्न एवढाच, की हे कोठे मोजले आणि केव्हा? ऐन उन्हाळ्यात उथळ डबक्यात किंवा सोड्याच्या थरावर भर दुपारी मोजलेले तापमान हे सगळ्या तळ्याचे तापमान नव्हे. नदी जेथे तळ्याला मिळते तेथले पाणी वेगळे, झऱ्याच्या तोंडाशी वेगळे, मध्यभागी वेगळे. पावसानंतर वेगळे आणि चार महिन्यांनी आणखी वेगळे. ऋतूप्रमाणे रूप पालटणाऱ्या तळ्याला एकच आकडा चिकटवणे म्हणजे ‘महाराष्ट्राचे तापमान ४५ अंश आहे’ असे म्हणण्यासारखे आहे. विदर्भात मे महिन्यात ते असते, महाबळेश्वरला जानेवारीत नसते. आकडा खरा असूनही विधान खोटे असू शकते, हे विद्यार्थ्यांना दाखवायला याहून चांगले उदाहरण क्वचितच मिळेल.

तळ्यात कोण जगते?

‘मृत्यूचे तळे’ ही प्रतिमा सर्वांत अधिक अन्याय करते तो तेथल्या जीवांवर. झरे तळ्याला मिळतात तेथे तिलापिया गटातील लहान मासे राहतात. मगाडी तळ्यातील त्यांच्या जवळच्या नातलगाची गोष्ट विशेष सांगण्याजोगी आहे. बहुतेक मासे शरीरातील टाकाऊ नायट्रोजन अमोनियाच्या रूपात कल्ल्यांतून पाण्यात सोडतात. पाण्याचा सामू दहा असेल तर अमोनिया बाहेर पडणे अवघड होते आणि मासा स्वतःच्याच विषाने मरू शकतो. या माशाने वेगळी वाट धरली आहे. तो आपल्यासारखाच अमोनियाचे युरियात रूपांतर करतो आणि युरिया बाहेर टाकतो. हे संशोधन १९८९ साली प्रसिद्ध झाले. ज्या पाण्यात माणसाचा पाय भाजतो, त्यात हा मासा पिढ्यानपिढ्या नांदतो आहे.

आणि फ्लेमिंगो. येथील मुख्य पक्षी म्हणजे लहान रोहित, म्हणजेच छोटा फ्लेमिंगो. ठाण्याच्या खाडीत हिवाळा-उन्हाळ्यात हजारोंनी दिसतो तो याच जातीचा. सोड्याच्या पाण्यात वाढणारे स्पिरुलिनासारखे सूक्ष्मजीव हे त्याचे अन्न, आणि त्याचा गुलाबी रंगही त्या अन्नातूनच येतो. पूर्व आफ्रिकेतील लाखो लहान रोहितांची नियमित वीण होते ती एकट्या नेट्रॉन तळ्यावर. जगातील या जातीच्या पक्ष्यांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश येथेच जन्मतात, असा अंदाज आहे.

ही वीण ऋतूच्या नेमक्या वेळेवर अवलंबून असते. पाणी फार असेल तर चिखलाची घरटी बुडतात. पाणी पूर्ण आटले तर तरस-कोल्हे चालत घरट्यांपर्यंत येतात. पाणी ओसरत असताना मध्यभागी सोड्याचे पठार उघडे पडते आणि भोवती दाहक चिखलाचा खंदक उरतो, तेव्हा फ्लेमिंगो घरटी बांधतात. प्रत्येक घरट्यात एकच अंडे. ज्या चिखलाने लेस्ली ब्राउन यांचे पाय भाजले, तोच चिखल पिल्लांचा तटबंदीसारखा पहारेकरी असतो. बातम्यांनी मृत्यूचे म्हटलेले हे तळे त्या जातीचे सूतिकागृह आहे.

शब्दांचा परिणाम कोठे होतो?

कोणी म्हणेल, छायाचित्राच्या नावातला एक शब्द चुकला तर काय बिघडले? आमचे म्हणणे असे की, एखाद्या जागेला ‘मृत’ म्हटले की तिचे काय करायचे हा प्रश्न फार सोपा होऊन जातो. मृत जागेत गमावण्यासारखे काही नसते.

हा केवळ तर्क नव्हे. ही छायाचित्रे प्रसिद्ध होण्यापूर्वीच, २००६ च्या सुमारास, नेट्रॉनच्या काठी सोडा अ‍ॅशचा कारखाना काढण्याची योजना पुढे आली होती. टाटा केमिकल्स ही आपल्या देशातील कंपनी आणि टांझानिया सरकारचे विकास महामंडळ यांची ती भागीदारी होती. वर्षाला पाच लाख टन सोडा अ‍ॅश काढायचा बेत होता. मगाडी तळ्यावरचा जुना सोडा उद्योग २००५ साली त्याच कंपनीकडे आला होता. पक्षितज्ज्ञांनी आणि पर्यावरण संस्थांनी नेट्रॉनच्या योजनेला तीव्र विरोध केला. हे खोरे २००१ पासून रामसर करारातील आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे, याची आठवण त्यांनी दिली. २००८ साली कंपनीने माघार घेतली. त्यानंतरही हा विषय पुन्हा पुन्हा डोके वर काढत राहिला.

सोडा अ‍ॅश ही वाईट वस्तू नाही. आपल्या खिडकीची काच आणि घरातला साबण यांना ती लागतेच. टांझानियासारख्या गरीब देशाने आपली खनिजे वापरू नयेत, असे दूर बसून सांगण्याचा अधिकार आपल्याला नाही. पण असा निर्णय घेताना पारड्याच्या दुसऱ्या बाजूला काय आहे, हे नीट दिसायला हवे. तेथे ‘दगड झालेले पक्षी’ ठेवले तर तराजू एकीकडे झुकतो. तेथे ऋतूप्रमाणे उघडणारे सूतिकागृह ठेवले तर तो वेगळा झुकतो. चुकीची ओळ एकदा डोक्यात बसली की ती असे वजन टाकत राहते.

वर्गात काय करावे?

आता बाईंच्या प्रश्नाकडे वळू. आमचे उत्तर : छायाचित्र भिंतीवर ठेवा, खालची ओळ बदला आणि शेजारी तीन साधे प्रयोग मांडा.

पहिला प्रयोग. विड्याच्या चुन्याची निवळी गाळून घ्या. तिच्यात धुण्याच्या सोड्याचे द्रावण थोडे थोडे घाला. पांढरा साका येईल. तो कॅल्शिअम कार्बोनेटचा. आणखी सोडा घातल्यावर नवा साका येईनासा झाला, की कॅल्शिअम संपले. साका खाली बसू द्या, वरचे स्वच्छ द्रावण दुसऱ्या नळीत घ्या, त्यात आणखी थोडे सोड्याचे द्रावण घालून बऱ्यापैकी व्हिनेगर ओता. बुडबुडे येतील, म्हणजे कार्बोनेट शिल्लक आहे. हे झाले नेट्रॉन. आता दुसऱ्या नळीत निवळी पुष्कळ आणि सोडा थेंबभरच घाला. साका बसल्यावर वरच्या द्रावणात पुन्हा सोड्याचे दोन थेंब टाका. ते परत गढूळ होईल, म्हणजे येथे कॅल्शिअम शिल्लक आहे. हे झाले मृत समुद्राचे उदाहरण. निवळी आणि सोडा दोन्ही दाहक आहेत. बोट बुडवू नये, डोळ्यांत उडू देऊ नये.

दुसरा प्रयोग. अंड्याच्या टरफलाची पूड आणि धुण्याचा सोडा शेजारी शेजारी ठेवा. दोन्ही पांढरे, व्हिनेगर टाकले की दोन्ही फसफसतात. मग ओळखायचे कसे? दोन्ही पाण्यात टाका. सोडा विरघळेल, टरफलाची पूड तळाशी बसेल. ‘कॅल्सिफाइड’ या शब्दाची परीक्षा इतकी सोपी आहे.

तिसरा प्रयोग मुलांना सर्वांत आवडेल. कोंबडीचे पडलेले पीस चिमट्यात धरून धुण्याच्या सोड्याच्या दाट द्रावणात बुडवा आणि उन्हात वाळवा. पुन्हा बुडवा, पुन्हा वाळवा. तीन-चार वेळा केल्यावर पिसावर पांढरे पुट चढेल आणि ते ताठ होईल. ‘पिसाचा दगड झाला!’ असे मुले ओरडतील. मग ते पीस स्वच्छ पाण्याच्या वाटीत सोडा. थोड्याच वेळात दगड विरघळेल आणि पीस परत मिळेल. बातमी काय म्हणत होती आणि तळे काय करते, यातले अंतर मुले स्वतःच्या डोळ्यांनी पाहतील.

ज्या मुलाने तो कागद आणला, त्याला मात्र कोणी रागावू नये. एखाद्या दूरच्या तळ्याकडे पाहून त्याला आश्चर्य वाटले, ते चार जणांना सांगावेसे वाटले. विज्ञानाची सुरुवात येथूनच होते. आपले काम त्याचे आश्चर्य कमी करण्याचे नाही, ते योग्य जागी नेऊन ठेवण्याचे आहे. तळ्यात पक्ष्यांचा दगड होत नाही. पण डोंगरातून निघालेल्या पाण्यात कॅल्शिअमचे वाटे थोडे कमी पडतात, म्हणून एका वाळवंटी खोलगटात सोड्याचे तळे तयार होते. त्याच्या दाहक चिखलाच्या आड दर काही वर्षांनी लाखो गुलाबी पक्षी घरटी करतात. नवी ओळ त्या मुलालाच लिहू द्यावी. मात्र लिहिण्याआधी त्याला एकदा ते पीस पाण्यात बुडवून पाहू द्यावे.